फुरसे कुठले, लस कुठली

वऱ्हाडाच्या कारभाराची सूत्रे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा हलली आणि दारव्हा तालुका प्रत्येक वेळी नव्या दफ्तरात गेला. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले तेव्हा त्यावर हैदराबादच्या रेसिडेंटची देखरेख बसली. पुढे दारव्हा वणी जिल्ह्यात मोडू लागला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराखाली आले आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्र. हे सगळे येथे सांगायचे कारण असे की सर्पदंशाचा आपला लेखी इतिहास बहुतेक सरकारी दफ्तरांतून आलेला आहे आणि दफ्तरे प्रांतांच्या हद्दी धरून लिहिली जातात. साप हद्द पाळतो ती जमिनीची. अडाण नदीच्या काठची काळी भारी जमीन आणि तिच्या वरच्या अंगाचे मुरमाड, सागाच्या झाडीचे उतार या दोन ठिकाणी एकच साप सारख्याच संख्येने राहत नाही. दीडशे वर्षांत सर्पदंशावर जे मोठे उपाय झाले, म्हणजे सापाच्या डोक्यावर लावलेले बक्षीस, एका सापाची लस, मग चार सापांची लस, ते सारे जिथे तोकडे पडले तिथे एकच गोष्ट राहून गेलेली दिसते. साप कोणता हे विचारले गेले. साप कुठला हे विचारले गेले नाही. पोटजातींचा वाद हा प्राणिशास्त्रज्ञांचा घरगुती वाद समजला जातो, पण दारव्ह्याच्या कास्तकाराच्या दृष्टीने पाहिले तर तो त्याच्या जिवाशी निगडित आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीला तर साप कोणता हेही कोणी विचारत नसे. जोसेफ फेरर या कलकत्त्याच्या शल्यवैद्याने १८६९ सालची आकडेवारी निरनिराळ्या प्रांतांकडून मागवली तेव्हा बेरीज ११,४१६ मृत्यूंवर गेली, आणि सरकार हादरले. १८७२ मध्ये फेररचा ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा रंगीत चित्रांचा ग्रंथ निघाला. त्यानंतर साप मारून आणणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत देशभर पसरली. १८८० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सर्पदंशाने १९,१५० माणसे दगावल्याची नोंद आहे. १८८२ मध्ये १९,५१९. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक साप मारले गेले होते. बक्षिसाचा खर्च वाढला, मेलेल्या सापांचा आकडा वाढला, मेलेल्या माणसांचा आकडा जागचा हलला नाही. सरकारी तक्त्यात एका रकान्यात वाघ, एका रकान्यात बिबट्या, एका रकान्यात लांडगा असे आणि शेवटी नुसते ‘साप’. विषारी की बिनविषारी, शेतातला की घरातला, याचा पत्ता नाही. धामण मारून आणली तरी तिची मोजणी व्हायची, आणि धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भलेच करते.

या पद्धतीची खरी कसोटी कोकणात लागली आणि तिची आकडेवारी आजही वाचणाऱ्याला थांबवते. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांसाठी बक्षीस लावले गेले तेव्हा सहा वर्षे सरासरी दर साल २,२५,७२१ फुरशी मारली गेली. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम काही दिवस वाढवली, तर २ ते १० तारखेच्या दरम्यान, आठ दिवसांत, १,१५,९२१ फुरशी जमा झाली. म्हणजे रोजची चौदा हजारांवर, एका जिल्ह्यातून. हा प्राणी हात-दीड हात लांबीचा, दगडाखाली पडून राहणारा. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर दगड उलथत जाणाऱ्या माणसाला तो सहज सापडे. तरीही १८९० मध्ये मुलकी सेवेतल्या व्हिडाल या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या सर्पदंशांचा बारकाईने विचार केला तेव्हा त्याला दिसले ते हेच, की इलाख्यातल्या मृत्यूंना सगळ्यांत जास्त जबाबदार असलेला साप फुरसेच आहे. नाग मोठा, नाग पूजला जाणारा, म्हणून सगळ्यांची नजर नागावर. फुरशाने माणूस तासाभरात मरत नाही. दिवसेंदिवस हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त जात राहते आणि मरण आले की ते तापाच्या किंवा अतिसाराच्या नावावरही पडू शकते. व्हिडालने सापाचे नाव विचारले, जिल्ह्याजिल्ह्यातला फरक पाहिला, आणि म्हणून त्याला दिसले. माझ्या मते आपल्याकडच्या सर्पदंशाच्या अभ्यासात प्रदेशाची बाजू गांभीर्याने मांडणारा हा पहिला लेख, आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

रत्नागिरीचा कातळ आणि दारव्ह्याची जमीन यांत सरळ रेषेत सहाशेएक किलोमीटरचे अंतर आहे, आणि अंतराहून जमिनीच्या जातीचा फरक मोठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघेही यवतमाळ जिल्ह्यात आहेत. पण कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या काळ्या रानात उंदरांच्या मागे फिरणारी घोणस, जिला विदर्भात परड म्हणूनही ओळखतात, ती इथे अधिक धोक्याची. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते; चावल्याची खूण नीट दिसतही नाही, पहाटे पापण्या जड होतात आणि बोलणे अडखळते तेव्हा कळते. फुरसे मुरमाड उतारावर, बांधावरच्या दगडांत. हे ध्यानात न घेता कोकणातला अनुभव वऱ्हाडाला लावणे, किंवा वऱ्हाडातला कोकणाला, ही चूक बक्षिसांच्या काळात झाली. आणि पुढे लस आली तेव्हा तीच चूक अधिक शास्त्रीय वेषात पुन्हा झाली.

लसीची कथा सुरू होते ती व्हिएतनाममध्ये. १८९१ मध्ये सायगावच्या दक्षिणेला बाक लिऊ भागात पूर आला, नाग माणसांच्या वस्तीत शिरले, आणि सायगावच्या पाश्चर संस्थेतला आल्बेर काल्मेत या कामाला लागला. फ्रान्सला परतल्यावर लील येथे त्याने घोड्यांना नागाचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तातून पहिली लस काढली. शोध थोर होता. पण काल्मेतचा दावा असा होता की ही एकच लस जगातल्या साऱ्या सापांवर चालेल. तो दावा खोडणाऱ्यांत मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम केलेला जॉर्ज लॅम्ब होता. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधली हीच प्रयोगशाळा पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली. नागाच्या विषाची लस घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते हे लॅम्बने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगाने दाखवले. त्याच सुमारास साओ पाउलोत व्हिताल ब्राझील याने तिथल्या सापांबद्दल हेच सिद्ध केले. ब्राझीलचे ते साप खाचवाले, म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच असलेले. जराराका आणि खुळखुळ्या हे दोन्ही याच कुळातले, तरी एकाची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नव्हती. एवढेच नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या खुळखुळ्याच्या अनेक पोटजाती मानल्या गेल्या आहेत, आणि ब्राझीलमधल्या पोटजातीच्या विषात माणूस लुळा करणारे द्रव्य असते, तर मध्य अमेरिकेतल्या त्याच्या भाईबंदांच्या प्रौढ सापांत ते जवळजवळ नसते. दिसायला भाऊ, विषाला परके. उष्ण कटिबंधातल्या दवाखान्यांनी हे शतकभरापूर्वी शिकलेले आहे.

आपल्याकडे कसौलीच्या संस्थेत नाग आणि घोणस या दोघांची लस बनू लागली, आणि नंतर हाफकिनमध्ये मण्यार व फुरसे मिळवून चौघांची मिळून एक. तीच आज देशभर वापरात आहे. कारण उघड होते: दारव्ह्याच्या दवाखान्यात आणलेला माणूस ‘काहीतरी चावले’ एवढेच सांगू शकतो. चार सापांवर एकच कुपी हा त्या अडचणीवरचा शहाणपणाचा तोडगा होता आणि त्याने लाखो जीव वाचवले, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या कुपीचे मापही ठरलेले आहे. एक मिलिलिटर लसीने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष मारले गेले पाहिजे. पण हे माप ज्या विषाने तपासतात ते विष कुठून येते? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडण्यावर बंधने आली, आणि १९७८ मध्ये चेन्नईजवळ स्थापन झालेली, इरुला जमातीतल्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था देशातल्या लस कारखान्यांची मुख्य पुरवठादार बनली. इरुलांचे सापांचे ज्ञान असाधारण आहे आणि त्यांच्या उपजीविकेचा तो सन्माननीय मार्ग आहे. मात्र त्यांचे साप येतात ते मुख्यतः तमिळनाडूच्या चेंगलपट्टू-कांचीपुरम भागातून. तिथून दारव्हा सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कुपीवर सापाचे नाव आपल्या सापाचे आहे. गाव मात्र तिथले आहे.

आता पोटजातींकडे. फुरशाला शास्त्रीय नाव जर्मन अभ्यासक श्नायडर याने १८०१ मध्ये दिले, ते पॅट्रिक रसेलने कोरोमंडल किनाऱ्यावरून वर्णिलेल्या सापाच्या आधारे. दीडशे वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानातले सारे फुरसे एकच मानले जात होते. १९६९ मध्ये श्टेमलर याने बलुचिस्तानातल्या पिशीनजवळचे फुरसे वेगळी पोटजात म्हणून नोंदवले, सोखुरेकी या नावाने. ते आकाराने मोठे, पोटाखालच्या खवल्यांची संख्या जास्त. पाकिस्तान, राजस्थान, वायव्येकडचा कोरडा पट्टा हे त्याचे क्षेत्र; द्वीपकल्प दक्षिणी पोटजातीचे. खवले मोजण्याचा हा तपशील दवाखान्यात महत्त्वाचा ठरला. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये थरच्या वाळवंटातल्या फुरसेदंशांची नोंद प्रसिद्ध केली. दक्षिणेकडच्या विषावर बनलेली लस तिथल्या रुग्णांच्या बाबतीत अपुरी पडत होती आणि रक्तस्राव आटोक्यात यायला खूप कुप्या लागत होत्या. २०१९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने तेच प्रयोगशाळेत तपासले आणि ‘चार प्रमुख’ सापांच्या दुर्लक्षित भाईबंदांवर, सोखुरेकी धरून, बाजारातल्या लसी समाधानकारक नाहीत असे दाखवले. नकाशा पसरून पाहिले तर बिकानेर आणि चेंगलपट्टू या दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर दारव्हा येते. पुस्तकी नकाशे वऱ्हाडाला दक्षिणी पोटजातीत घालतात. पण ती रेघ खवल्यांच्या मोजणीवरून ओढलेली आहे, विष तपासून नव्हे.

कुणी म्हणेल, फुरशाचे ठीक, चापड्याचे काय? सह्याद्रीतला हिरवा चापडा हा आपल्याकडचा खाचवाला साप. दारव्ह्याच्या कपाशीत तो भेटायचा नाही, आणि चार सापांच्या कुपीतही त्याला जागा नाही. पण त्याच्या एका नातलगाने हा मुद्दा फार स्पष्ट केला. केरळात वर उचललेल्या नाकाच्या खाचवाल्या सापाचे दंश वर्षानुवर्षे फुरशाचे समजून उपचार होत होते. २००७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मारून आणलेले साप ओळखून दाखवले की हे फुरसे नव्हेच, आणि चार सापांची लस याच्यावर चालत नाही. रुग्णांना लस मिळत होती, लसीची रिॲक्शन मिळत होती आणि फायदा शून्य. गोव्यात आणि सिंधुदुर्गातही हा साप आहे.

रुग्णाच्या खाटेशी हे सगळे कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि नळी न हलवता वीस मिनिटे ठेवतात. मग ती तिरपी करतात. रक्त गोठून गुठळी झाली असेल तर ती जागेवर राहते. विष भिनले असेल तर रक्त पाण्यासारखे वाहते. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो, म्हणून ती काचेची आणि नवी लागते. रक्त न गोठण्याचे कारण उलटे आहे. फुरशाचे विष रक्त गोठवणारी साखळी स्वतःच पेटवते, ती अखंड जळत राहते आणि शेवटी गोठवायला लागणारे द्रव्यच संपून जाते. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा हीच चाचणी. पुन्हा वाहिले तर पुन्हा लस. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, आणि दहा मिलिलिटरची एक कुपी मापाप्रमाणे सहा मिलिग्रॅम मारते. सुरुवातीच्या दहा कुप्यांचा हिशोब इथून आला. हा हिशोब जिथे बिनसतो, म्हणजे वीस मिनिटांची नळी तिसऱ्यांदाही वाहते, तिथे कुपीतले विष आणि शरीरातले विष यांचे गोत्र जुळते का हा प्रश्न समोर येतो. तोवर मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. दारव्ह्याहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय चाळीसएक किलोमीटर, आणि डायलिसिस लागलेल्या माणसाला ते चाळीस किलोमीटर फार मोठे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यांत वजनदार पुरावा याच बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून आला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. २०२१ मध्ये त्यांनी देशातल्या पाच वेगवेगळ्या भूप्रदेशांतून घोणशींचे विष गोळा केले. विषाची घडण जागोजागी खूपच वेगळी निघाली. तरीही बाजारातल्या लसी बहुतेक ठिकाणच्या विषावर जवळजवळ सारख्याच चालल्या. उत्तरेकडच्या निमकोरड्या भागातल्या घोणशींपुढे मात्र त्या कमी पडल्या. मग प्रदेशाचा बाऊ कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्त आहे. याला दोन उत्तरे आहेत. एक, त्या प्रयोगात मोजले ते उंदीर जगले की मेले हे. दंशाच्या जागी मांस सडते का, मूत्रपिंडे शाबूत राहतात का, हे त्यात मोजले गेले नाही, आणि कास्तकाराचे अर्धे नुकसान तिथेच होते. पायाचे बोट किंवा घोटा गेला तर नांगरट, फवारणी, वेचणी सगळेच जाते. दोन, घोणशीत लसीच्या परिणामाला बहुतेक ठिकाणी फरक पडला नाही आणि फुरशात पडला, यातून हाच धडा निघतो की नुसत्या तर्काने काही ठरवता येत नाही. ज्या जागेचा साप, त्या जागेचे विष तपासलेच पाहिजे. पोटजातीच्या नावावरही आंधळा विश्वास ठेवून चालणार नाही. घोणशीच्या रंगावरून आणि ठिपक्यांवरून एकेकाळी आशियाभर अनेक पोटजाती केल्या गेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक टिकल्या नाहीत आणि २००७ पासून पूर्वेकडची घोणस सरळ वेगळी जात मानतात. पोटजात म्हणजे इथे काहीतरी वेगळे असू शकते, पाहा, एवढी सूचना. ती मिळूनही न पाहणे हा दोष आपला.

दुसरा आक्षेप दवाखान्यातले लोक घेतात आणि त्यामागे अनुभव आहे. माणूस मरतो तो लसीच्या गोत्रामुळे क्वचित, मरतो उशिरामुळे. मांत्रिकाकडे, देवळात, झाडपाल्यावर पहिले तास जातात. देशभरच्या मृत्यूंच्या पाहणीत २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे दगावल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतल्या केवळ २३ टक्क्यांनी दवाखान्यात प्राण सोडला होता. बाकीचे घरी किंवा वाटेत. हे सगळे खरे आहे, आणि रुग्णवाहिका, रस्ता व तालुक्याच्या दवाखान्यात लसीचा साठा यांना पहिला मान मिळायला हवा यात वाद नाही. पण लोक मांत्रिकाकडे का जातात? गावात एका घरचा माणूस दवाखान्यात वीस-तीस कुप्या लागूनही मूत्रपिंडे गमावून परत आला, तर पुढच्या वेळी शेजारचे घर काय ठरवेल? मांत्रिकाचा रुग्ण बहुधा बिनविषारी सापाचा किंवा कोरड्या, म्हणजे विष न सोडलेल्या, दंशाचा असतो आणि तो वाचतोच. त्याची कीर्ती फुकट वाढते. त्या कीर्तीला तोंड देण्यासाठी डॉक्टरच्या हातातली लस खात्रीची असावी लागते. उशीर आणि लसीचा दर्जा या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक तालुक्याला वेगळी लस कोण करणार? कोणीच नाही, आणि तशी मागणीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस निर्मितीच्या मार्गदर्शिका सांगतात की ज्या प्रदेशात लस विकायची तिथल्या वेगवेगळ्या भागांतले विष एकत्र करून घोड्यांना टोचावे. घोडे तेच, कारखाने तेच, कुपी तीच. फक्त विषाच्या पुरवठ्यात वऱ्हाडाचा, खानदेशाचा, कोकणाचा वाटा हवा. महाराष्ट्राला हे नवखे नाही. हाफकिनमध्ये पी. जे. देवरस यांच्यासारख्यांनी आयुष्य सापांच्या अभ्यासाला दिले, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले की ग्रामीण दवाखान्यात बसूनही विषबाधेवर जगाने मानावे असे संशोधन होते. मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या दोन लाखांची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना सरकारने शेतकऱ्यांसाठी ठेवली आहे आणि सर्पदंश तिच्यात मोडतो. त्या खर्चाशेजारी विष गोळा करून तपासण्याचा खर्च मांडून पाहावा.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि प्रादेशिक विष केंद्रांची कल्पना त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंद करण्याजोगा आजार ठरवायला सांगितले. असे एक केंद्र विदर्भाला मिळाले तर त्याच्या सापांच्या यादीत दारव्हा तालुक्यातून किमान तीन नोंदी हव्यात: अडाणकाठच्या कपाशीतली परड, घरांतून पकडलेली मण्यार, आणि मुरमाड उतारांवरचे फुरसे, प्रत्येकाच्या विषासोबत गावाचे नाव लिहिलेले.